मालधक्क्यावरून माणूस पडतो तेव्हा

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर माणसांच्या कामाचं, आपल्याला काय करायचं? पण बचत गटाच्या बैठकीत अचानक मोठं कर्ज मागणाऱ्या बाईला कारण विचारलं, की बरेचदा उत्तर येतं, "घरचे कामावर पडले." त्यानंतर दोन-तीन महिने तिचा हप्ता थकतो, मुलीची शाळेची फी राहते, कानातलं गहाण पडतं. म्हणजे पडणारा धक्क्यावर पडतो आणि हिशेब आपल्या वहीत येतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आपल्या छावणीतून रोज सकाळी कितीतरी माणसं नगर नाक्यावरून वाळूजच्या कंपन्यांकडे जातात. कोणी चिकलठाणा, शेंद्र्याला जातं, कोणी जाधववाडीच्या मार्केट यार्डात, तर कोणी मोंढ्यात. त्यातल्या बऱ्याच जणांचं काम एकच, भराई आणि उतराई. ट्रक आला की माल खाली करायचा, गोदामात थप्पी लावायची आणि दुसरा ट्रक भरायचा. कंपनीत याला लोडिंग-अनलोडिंग म्हणतात, आपण हमाली म्हणतो.

हे काम ज्या ओट्यावर चालतं तो मालधक्का. ट्रकचा तळ आणि ओटा एका पातळीत यावेत म्हणून तो साधारण चार फूट उंच बांधलेला असतो. चार फूट म्हणजे काय मोठं, असं वाटतं. आपण घरात स्टुलावर उभं राहून माळ्यावरचा डबा काढतोच की. पण हिशेब करून पाहा. चार फुटांवरून पडणारं शरीर अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येतं आणि आदळताना त्याचा वेग ताशी सतरा-अठरा किलोमीटर असतो. अर्ध्या सेकंदात स्वतःला सावरायला वेळ मिळत नाही. त्यात डोक्यावर किंवा पाठीवर पन्नास किलोचं पोतं असेल, तर तेही अंगावर येतं. भरलेल्या ट्रकच्या वर, अकरा-बारा फुटांवर, ताडपत्री बांधणारा पडला तर तो ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने खाली येतो. म्हणूनच मनगट, खुबा, पाठीचा कणा आणि डोकं यांना मोठी दुखापत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अनावधानाने होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच नंबर लागतो. यात घरात पडणारे म्हातारेकोतारेही आले. पण पडणं ही किरकोळ गोष्ट नाही, एवढं यावरून कळतं.

माणूस पडतो कशामुळे?

"त्याचं लक्ष नव्हतं" हे वाक्य आपण फार लवकर बोलतो. पण लक्ष असलेला माणूसही पडतो, कारण जागाच तशी ठेवलेली असते. धक्क्यावर पडण्याची नेहमीची कारणं पाहू.

पहिलं कारण म्हणजे फट. ट्रक धक्क्याला पूर्ण टेकत नाही. मधल्या फटीवर लोखंडी पत्रा किंवा फळी टाकतात. तो पत्रा नीट अडकवलेला नसेल तर भरलेली हातगाडी त्यावरून जाताना तो सरकतो आणि माणूस गाडीसकट खाली जातो.

दुसरं कारण म्हणजे सरकणारा ट्रक. हातगाडी ट्रकमध्ये जाते तेव्हा प्रत्येक वेळी ट्रक थोडा थोडा पुढे ढकलला जातो. तासाभरात फट वीतभर रुंद होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. याहून वाईट म्हणजे कोणीतरी "झालं, जाऊ दे" असं ओरडतं, ड्रायव्हर गाडी काढतो आणि आत अजून एक माणूस असतो किंवा त्याचा एक पाय धक्क्यावर आणि एक फाळक्यावर असतो.

तिसरं कारण म्हणजे उघडी कड. हातगाडी ओढणारा माणूस मागे मागे चालतो. त्याची पाठ कडेकडे असते. ट्रक लागलेला नसेल तेव्हा ती कड म्हणजे चार फुटांची उघडी विहीरच.

चौथं कारण म्हणजे पायाखालची जमीन. आपल्याकडे मका, सोयाबीन आणि तूर यांची पोती फार असतात. फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे पायाखाली छर्ऱ्यासारखे फिरतात. पावसाळ्यात धक्का ओला असतो. कंपनीत माल गुंडाळायचं प्लास्टिक, तेलाचे डाग असतात. आणि पायात असते झिजलेली चप्पल.

पाचवं कारण म्हणजे वर चढणं. ताडपत्री बांधायला माणूस दोरी धरून मालावर चढतो. दोरी कुजलेली असते, शिडी नसते. उतरताना तो उडी मारतो.

सहावं कारण म्हणजे थकवा. पैसे नगावर मिळतात, त्यामुळे घाई असते. सकाळी चहा पिऊन निघालेला माणूस उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याच्या गोदामात काम करतो. त्याला चक्कर येते. रात्रीच्या पाळीत दिवा एकच असतो आणि ट्रकच्या आत अंधार.

आता यावर उपाय काय लागतात ते ऐका. कडेला पिवळ्या रंगाचा जाड पट्टा. ट्रक नसेल तेव्हा आडवी साखळी. ट्रकच्या चाकांना लाकडी ठोकळे. गाडीची किल्ली माल भरून होईपर्यंत मुकादमाच्या हातात, म्हणजे आत माणूस असताना गाडी निघणारच नाही. कडा असलेला, अडकवता येणारा पत्रा. एक शिडी, एक झाडू, एक जादा दिवा. चांगल्या पकडीचे बूट. यातल्या बऱ्याच गोष्टी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मोठ्या कंपन्यांत तर फट बुजवणारा, वरखाली होणारा यांत्रिक पूल असतो, त्याला डॉक लेव्हलर म्हणतात. तो असूनही बंद पडलेला असेल तर तो दुरुस्त करणं हे मालकाचं काम आहे. कारखान्यातल्या धोक्याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

माथ्यावरचं ओझं आणि कायदा

माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. आपल्या राज्यात या माणसांसाठी वेगळा कायदा आहे आणि तो कोणी आयता दिलेला नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली. पुण्यात डॉक्टर बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचं पोतं पाठीवर नको, पन्नास किलोचं करा, ही मागणी हमाल संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरली. या चळवळीच्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्यात माथाडी मंडळं आहेत. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असतात. नोंदणी झालेल्या कामगाराची मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि वर लेव्हीची रक्कमही भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, दवाखाना यांची सोय होते. नोंदणी झालेल्या माथाडीला अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदाही लागू होतो. म्हणून तुमच्या घरचं माणूस हमालीचं काम करत असेल, तर पहिला प्रश्न विचारा, मंडळात नोंद आहे का?

बऱ्याच जणांची नसते. ते ठेकेदाराकडे रोजंदारीवर जातात. त्यांना वाटतं, आपली कुठंच नोंद नाही, म्हणजे आपला काही हक्क नाही. हे चूक आहे. का, ते आता पाहू.

पहिला तास

माणूस पडला की भोवतीचे लोक दोन गोष्टी करतात. त्याला धरून उठवतात आणि पाणी पाजतात. दोन्ही करू नयेत. पाठीच्या कण्याला किंवा मानेला मार लागला असेल तर उठवून बसवल्याने आतली नस कायमची दुखावू शकते आणि पाय जाऊ शकतात. पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. शिवाय ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं लागतं.

आधी काम आणि गाडी थांबवा. आहे तिथेच त्याला पडून राहू द्या. एकाने डोकं दोन्ही बाजूंनी हलकेच धरून ठेवावं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरावं. १०८ नंबरला फोन करावा. हलवणं भागच असेल, तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला फळीवर घ्यावं. हात-पाय धरून रिक्षात कोंबू नये. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन चोळू नये.

डोक्यावर पडलेला माणूस उठून चालू लागला, तरी दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवा. वारंवार उलटी, वाढणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच घाटी गाठा. "झोपू द्या, थकलाय" असं म्हणू नका.

कागदावर काय लिहिलं जातं?

मैत्रिणींनो, आज एवढं एक लक्षात ठेवलंत तरी माझं बोलणं कामी आलं असं समजेन. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" त्या वेळी सोबत आलेला ठेकेदाराचा माणूस हळूच सांगतो, "घरी जिन्यावरून पडला म्हणा. पोलिसांची भानगड नको. खर्चाचं आम्ही बघतो." आपण घाबरलेलो असतो. समोर पाच-दहा हजार दिसत असतात. आपण तसंच सांगतो आणि डॉक्टर तसंच लिहितात.

खर्चाचं बघणारा माणूस महिनाभर फोन उचलतो, मग उचलत नाही. आणि केस पेपरवर लिहिलेलं असतं, घरी पडला. पुढे नुकसानभरपाई मागायला गेलं की समोरचा वकील तोच कागद पुढे करतो.

म्हणून खरं तेच सांगायचं. कोणत्या कंपनीत किंवा गोदामात, किती वाजता, कोणतं काम करताना, कशावरून पडला. "कामावर पडला" हे शब्द केस पेपरवर आले का, ते वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर नर्सताईंना वाचून दाखवायला सांगायचं. दवाखाना अशी केस पोलिसांना कळवतो, त्याला एमएलसी म्हणतात. त्याचा नंबर लिहून घ्यायचा. पोलीस जबाब घेतील तेव्हाही हेच सांगायचं.

सोबत दोन कामं त्याच दिवशी करा. एक, बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या. दोन, जागेचा फोटो काढायला सांगा. फट, पत्रा, ओला धक्का, जे असेल ते. दुसऱ्या दिवशी तिथे रंग मारलेला असू शकतो. नेमणुकीचं पत्र नसलं तरी मुकादमाचे मोबाईलवरचे निरोप, गेटवरची नोंद, खात्यात आलेली मजुरी आणि सोबत्यांची साक्ष, हे सगळं कामाचा पुरावा ठरतं.

हक्काचे पैसे कुठून येतात?

पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का, ते आधी पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात, म्हणजे १२,००० पगार असेल तर ९० रुपये. मालक सव्वातीन टक्के भरतो. ईएसआय असेल तर उपचार मोफत मिळतात. त्यासाठी चिकलठाण्याला ईएसआयचं रुग्णालय आहे. कामावरच्या अपघाताने घरी बसावं लागलं तर सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी अमुक महिने नोकरी झालेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशीचा अपघातही चालतो.

ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईचा कायदा आहे. तो मूळचा १९२३ सालचा. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला. नाव बदललं तरी मूळ हक्क तोच आहे. ईएसआय असलेल्याला मात्र त्याच अपघातासाठी या कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही.

या कायद्यात रोजंदारीवरचा माणूसही येतो. ठेकेदार पळाला तर ज्या मालकाच्या कामासाठी त्याने माणसं आणली होती, त्या मूळ मालकाकडे मागता येतं. रक्कम पगार आणि वय यांवरून ठरते. उदाहरण घेऊ. वय ४०, पगार १२,०००. चाळीस वर्षांसाठी कायद्यातला गुणांक १८४.१७ आहे. मृत्यू झाला तर निम्मा पगार, म्हणजे ६,००० गुणिले १८४.१७. ही रक्कम होते ११ लाख ५ हजार २० रुपये. माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० गुणिले १८४.१७. होतात १३ लाख २६ हजार २४ रुपये. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं डॉक्टरांनी ठरवलं तर त्याच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख ९८ हजार. आता ठेकेदाराने देऊ केलेले दहा हजार या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

उपचाराचा खर्चही मागता येतो, म्हणून औषधाचं एकही बिल टाकू नका. मृत्यूच्या बाबतीत मालकाने रक्कम नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. विधवेच्या हातात थोडेफार ठेवून मालकाची सुटका होत नाही. आणि "मला काही मागायचं नाही" असं आधीच लिहून घेतलं असेल, तर हक्क सोडून देण्याचा तो करार कायद्याने रद्दबातल आहे. तरीही कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मदत म्हणून पैसे देत असतील तर घ्या, पण किती घेतले आणि कशासाठी घेतले ते लिहून ठेवा.

गाडी हलल्यामुळे माणूस पडला असेल तर मोटार अपघाताच्या दाव्याचाही मार्ग असतो. दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो, म्हणून आधी वकिलाला विचारा. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि फोन नंबर आहे १५१००.

गटाने काय करावं?

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर अर्धा तास काढा. वहीत एक पान करा. प्रत्येकीच्या घरात भराई-उतराईचं काम कोण करतं, नवरा, दीर, मुलगा की ती स्वतः, ते लिहा. पुढे चार रकाने. कोणत्या कंपनीत किंवा अडतीवर जातो. ठेकेदाराचं आणि मूळ मालकाचं नाव. ईएसआयचा किंवा माथाडी मंडळाचा नंबर. सोबत काम करणाऱ्या एकाचा फोन. आपल्यापैकी कितीतरी जणींना "वाळूजला जातात" यापलीकडे काहीच माहीत नसतं. अपघाताच्या दिवशी हीच माहिती शोधण्यात वेळ जातो.

सगळ्यांनी पासबुकंही आणा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये कापले गेलेत का, ते पाहा. वय १८ ते ७० असलेल्या खातेदाराला ही योजना घेता येते. अपघाती मृत्यूला २ लाख, दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख मिळतात. साधं हाड मोडलं तर यात काही मिळत नाही, हेही माहीत असू द्या. विमा १ जून ते ३१ मे असा चालतो, म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवायची.

ज्या घरात अपघात झाला त्या बाईचा हप्ता पुढे ढकलायचा ठराव गटाला करता येतो. तो करा. आणि तिच्यासोबत घाटीत किंवा कोर्टात एक जण जा. एकट्या बाईला चार वेळा "उद्या या" म्हणतात. दोघी गेल्या की निदान अर्जाची पोच मिळते.

आज रात्री जेवायला बसल्यावर घरच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. तुमच्या धक्क्यावर ट्रकच्या चाकाला ठोकळा लावतात का? माल भरताना गाडीची किल्ली कोणाकडे असते? तुमचा ईएसआयचा किंवा मंडळाचा नंबर काय? उत्तर आलं नाही तरी चालेल. उद्या कामावर गेल्यावर तो स्वतः पाहील आणि सोबतच्या चौघांना विचारील. तुम्ही मात्र वहीतलं ते पान भरल्याशिवाय राहू नका.